मीसनची पाच छिद्रांची वही

मीसन गेल्याचं तिच्या नवऱ्यानं फोन करून कळवलं, तेव्हा मी डेव्हन ॲव्हेन्यूवर, शिकागोच्या देशी बाजारात, पार्किंग शोधत फिरत होते. मागून बस हॉर्न देत होती, पुढे कुणीतरी भाजीच्या पिशव्या डिकीत भरत रस्ता अडवून उभा होता, आणि मिस्टर हान म्हणाले, "मंजिरी, आज सकाळी." बस, एवढंच. त्यांना इंग्रजी बेताचंच येतं आणि बोलायची सवय त्याहून कमी. मी एका किराणा दुकानासमोर गाडी आडवीतिडवी घातली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. ते रडणं दोन दिवस टिकलं. मग कंपनीचा ईमेल आला आणि ते आटलं.

शिकागोजवळच्या ज्या स्टेशनरी कंपनीत मीसन डिझायनर होती आणि मी प्रॉडक्शन बघायचे, त्या कंपनीनं आपल्या सगळ्या ग्राहकांना पाठवलेला ईमेल होता तो. वर लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या कोरियन कारागिराला निरोप'. खाली छोटासा व्हिडिओ. दोन हात, सुई, लाल दोरा. चेहरा कुठेच नाही. नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आणि त्याखाली एका वहीचा फोटो, फोटोखाली 'कलेक्शन पाहा' असं बटण. त्या वहीपायी मीसननं नोकरी सोडली होती. ती वही समोर दिसली तर ती उलटी करून ठेवायची. आणि तीच वही तिच्या श्रद्धांजलीत!

त्याला आता सहा महिने होतील. या पुरवणीच्या संपादकबाई मला म्हणाल्या, "घाई करू नका, मन शांत झालं की लिहा." मन शांत होण्याची वाट बघत बसले असते तर हा लेख तुमच्यापर्यंत आलाच नसता. म्हणून रागातच लिहितेय. मीसनला ते चाललं असतं. ती स्वतः बहुतेक वेळा रागातच असायची.

मी पुण्यात प्रिंटिंग टेक्नॉलॉजी शिकले. लग्नानंतर निखिलच्या आयटीच्या नोकरीमुळे इथे आले, आणि व्हिसाचं एकदाचं मार्गी लागल्यावर या कंपनीत लागले. कुठला कागद, कुठली शाई, मशीनवर काय बसेल आणि काय बसणार नाही, हे बघायचं माझं काम. एके सकाळी एक बुटकी, ठसठशीत लाल लिपस्टिक लावलेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई माझ्या टेबलाशी आली. पिवळसर पांढरा कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "फाड." ना हॅलो, ना नाव. मी फाडायला गेले. कागद ताणला गेला, पिळला गेला, पण फाटेना. कडेला नुसते लांब लांब धागे सुटले. "तुतीच्या जातीचं झाड असतं, त्याच्या सालीचा," ती म्हणाली. "आमच्याकडे दारंखिडक्यांना हा लावतात. जमिनीवर तेल लावून अंथरतात. याचं नाव हांजी." मला हसू फुटलं. तिनं भुवया चढवल्या. मग मला समजावून सांगावं लागलं की आमच्या भाषेत हांजी हांजी करणं म्हणजे वरच्या माणसाच्या पुढेपुढे करणं. तिनं क्षणभर विचार केला. "माझा कागद करत नाही," ती म्हणाली, "आणि मीही नाही करत." पहिल्याच दिवशी तिनं हे सांगून टाकलं होतं. कंपनीनं ते मनावर घेतलं नाही, त्याला ती काय करणार?

या लेखात मी तिला मीसन म्हणतेय, पण तोंडावर कधीच म्हटलं नाही. त्यांच्यात मोठ्या माणसाला नावानं हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. "ऑन्नी म्हण," तिनं सांगितलं. ऑन्नी म्हणजे आपली ताई. "मीसन म्हणालीस तर मी वळून बघणार नाही." आणि खरंच बघायची नाही. ऑफिसात सगळे तिला मीसन, मीसन करायचे आणि ती कॉफीच्या मशीनकडे तोंड करून उभी असायची. लोकांना वाटायचं, हिला कमी ऐकू येतं. नवऱ्याला मात्र ती नावानं हाक मारत नसे, 'जूनचे बाबा' म्हणायची. जून हा त्यांचा मुलगा, आता सिअ‍ॅटलला असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या नाशिकच्या काकूची आठवण झाली आणि मी तसं म्हटलं. तर म्हणाली, "बघ, बायकांना गप्प बसवायच्या रीती सगळीकडे सारख्याच." पण म्हणायची मात्र तशीच.

ती चॉन्जू नावाच्या गावची. तिथे हा कागद पिढ्यान् पिढ्या बनतो. लग्न करून अमेरिकेत आली आणि नवऱ्याच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसली. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची. मुलगा कॉलेजला गेला तशी तीही गेली. पन्नाशीला टेकलेली बाई, विशीतल्या पोरापोरींत बसून डिझाइन शिकली. मोडकंतोडकं पण धारदार इंग्रजी. प्रोफेसरनं तिच्या कामाला 'एथनिक' म्हटलं, तर तिनं विचारलं, "आणि तुमचं काम काय आहे? साधं?"

तिची पहिली गाजलेली वस्तू म्हणजे पाकिटं. त्यांच्याकडे जोगाकबो म्हणून एक प्रकार असतो. कपडे शिवताना उरलेले तुकडे जोडून केलेलं आच्छादन. ताटावर झाकायचं, भेटवस्तू गुंडाळायची. पातळ कापडाचं असेल तर उजेडात धरल्यावर शिवणी काळ्या रेघांसारख्या दिसतात, खिडकीच्या गजांसारख्या. मी बघताच म्हटलं, "अगं ऑन्नी, ही तर आमची गोधडी!" ती भडकली. "तुमची अंगावर घ्यायला. जाड. ही उजेडाला धरायला. सारखी कशी?" मग मला डेव्हनवर घेऊन चल म्हणाली. तिथे एका गल्लीत सुलभामावशी ब्लाउज शिवून देतात. मीसन त्यांच्या मशीनपाशी खाली फरशीवर बसली आणि कात्रणांच्या ढिगातून ऑर्गंझाचे, टिश्यूचे तुकडे निवडत राहिली. मावशी मला मराठीत म्हणाल्या, "ही बाई वेडी आहे का गं? नवं कापड देते म्हटलं तर नको म्हणते." मीसननं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, नवं कापड काहीच बोलत नाही." मावशींना ते पटलं की काय कोण जाणे, त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातली शंकरपाळी दिली. पुढे दर महिन्याला त्या तिच्यासाठी कात्रणं बाजूला काढून ठेवायच्या.

त्या तुकड्यांवरून तिनं हांजीची पाकिटं केली. कागदाचेच तुकडे, एकमेकांवर चढवून चिकटवलेले. टेबलावर ठेवलं तर साधं पांढरं पाकीट. खिडकीपाशी धरलं की आतली जोडणी उमटते. पत्र काढण्याआधी माणूस एकदा ते उजेडात धरणारच, हे तिनं ओळखलं होतं. पाकिटं खपली. कंपनी खूष झाली. लॉरेन, आमची क्रिएटिव्ह डायरेक्टर, मीटिंगमध्ये म्हणाली, "सुंदर आहे हे, पण पुढचं जरा कमी कोरियन करता येईल का?" दोनएक वर्षांत हवा बदलली, पोरं कोरियन गाणी ऐकायला लागली, मालिका बघायला लागली. तीच लॉरेन, तीच खुर्ची. "पुढचं जरा जास्त कोरियन करता येईल का?" मीसन माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय मीठ आहे का?"

मग ती वही आली. तिच्या आईच्या घराच्या दारावरून सुचलेली. लाकडी जाळीचं दार, त्याला आतून हांजी लावलेला. दार रोज उघडताना जिथे बोटं लागतात तिथला कागद आधी फाटतो. म्हणून तिथे दुहेरी थर द्यायचा, आणि दोन थरांच्या मध्ये एखादं वाळलेलं पान नाहीतर फूल ठेवायचं. थंडीच्या तोंडावर आई दाराचा कागद बदलायची आणि पान मीसन निवडायची. वहीलाही तिनं तसंच केलं. उघडताना जिथे अंगठा टेकतो तिथे कव्हरला आतून दुसरा थर, मध्ये एक पान. वही हातात घेतली की पान आधी अंगठ्याला कळायचं, मग डोळ्यांना. आणि पाठीला पाच छिद्रं पाडून लाल दोऱ्याची शिवण. जपानी आणि चिनी पद्धतीत बहुधा चार छिद्रं असतात. कोरियातली जुनी पुस्तकं पाच छिद्रांनी शिवायचे. बघणाऱ्याला फरक कळणार नाही कदाचित. तिला कळत होता, एवढं पुरेसं होतं.

पहिल्या थोड्या प्रती हातानंच झाल्या. मी स्वतः रोज संध्याकाळी थांबून तिच्याबरोबर छिद्रं पाडली. सगळा माल संपला, लोकांनी आणखी मागितला. लॉरेननं मोठ्या प्रमाणावर काढायचं ठरवलं. नेमकी तेव्हाच चॉन्जूला मीसनची आई आजारी पडली. मीसन गेली आणि तिच्या तिथे असतानाच आई वारली. ती तिकडे आईच्या उशाशी बसलेली होती तेव्हाच इकडे माझ्या टेबलावर नवीन सॅम्पल आलं. पान अंगठ्याखालून गेलं होतं, त्याऐवजी सगळ्या कव्हरवर पानं छापलेली. वर चकचकीत लॅमिनेशन. पाठीला चार छिद्रं. लेबलवर लिहिलं होतं, 'जपानी बाइंडिंग'. मी लॉरेनला म्हटलं, "हे मी पास करणार नाही." तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं की सप्लायरच्या मशीनवर चार छिद्रांचीच सोय आहे आणि लोकांना जपानी बाइंडिंग हा शब्द ओळखीचा आहे. मी पुन्हा नाही म्हटलं. तिनं काम माझ्याकडून काढून बाहेरच्या छपाईवाल्याकडे दिलं. मीसनला फोन करून मीच सांगितलं. ती म्हणाली, "अंत्यविधी उद्या आहे. नंतर बोलू."

ती परतली ती थेट ऑफिसातच. मीटिंग रूममध्ये सगळे बसले होते. लॉरेननं सांत्वनाचे दोन शब्द बोलून सॅम्पल पुढे सरकवलं. मीसननं ते हातात घेतलं, अंगठा कव्हरवर फिरवला. काही लागलं नाही. मग ती शांतपणे, एकेक शब्द निवडत बोलली. "कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा माझ्या आईला शाळेत जपानी नाव घ्यायला लावलं होतं. लहान मुलगी होती ती, स्वतःचं नाव उच्चारलं तर मार बसायचा. आता ती गेली. ज्या आठवड्यात गेली, त्याच आठवड्यात तुम्ही तिच्या दाराला जपानी नाव दिलंत." तिनं पर्समधून कात्री काढली, वहीचा दोरा कापला, पानं नीट ठोकून सारखी केली, आणि टोचा घेऊन नव्यानं पाच छिद्रं पाडायला लागली. टेबलाच्या लाकडावर टोच्याचा आवाज होत होता. मग लाल दोरा ओवला आणि शिवायला लागली. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. पण समोरच्या एकानं फोन वर धरून शूटिंग सुरू केलं होतं. शिवण पूर्ण झाली तेव्हा लॉरेनच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "मीसन, किती सुंदर," ती म्हणाली. "हे आपण वापरायलाच हवं." मीसन म्हणाली, "नाही." एकच शब्द. टोचा पर्समध्ये टाकला, बाहेर गेली, आणि त्याच दुपारी तिनं राजीनामा दिला. ईमेलमधला व्हिडिओ तो. ते हात तेव्हाचे. सांत्वन म्हणून ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना कळावं म्हणून सांगते, त्या हातांच्या वर एक संतापलेला चेहरा होता. तो कापून टाकलाय.

पुढे आम्ही दोघींनी वह्या स्वतःच करायला घेतल्या. ड्रायक्लीनिंगचा धंदा उतरणीला लागला होता. मिस्टर हाननी दुकानाची मागची खोली आम्हाला मोकळी करून दिली. मी नोकरी सांभाळून शनिवारी जायचे. कोरियन चर्चच्या जत्रेत स्टॉल लावला, तिथे बऱ्यापैकी माल गेला. मग मी उत्साहानं आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातही लावला. कोरियनांच्या वेळी मी तिची मदतनीस होते, आता आपल्या माणसांत तिला मिरवायचं होतं मला. ते जमलं नाही, आणि त्याचाही राग अजून आहे. साड्या सावरत बायका यायच्या, वही उचलायच्या, "हाऊ क्यूट! चायनीज का गं?" म्हणून ठेवून द्यायच्या. एक निवृत्त डॉक्टरकाका, ज्यांना आम्ही सगळे मान देतो, स्टॉलपाशी उभे राहून मला मोठ्यानं म्हणाले, "अगं, हातकागद आपल्या पुण्यात ढिगानं मिळतो. यात विशेष ते काय? आणि दिवाळीत आपलं सोडून हे कशाला?" मीसननं विचारलं, काय म्हणतात? मला भाषांतर करायची लाज वाटली. ती समजली. तिनं काकांच्या हातात वही दिली आणि इंग्रजीत म्हणाली, "उघडा." त्यांनी उघडली. अंगठा पानावर पडला आणि ते थांबले. "हे काय आहे आत?" "माझी आई," मीसन म्हणाली, आणि वही त्यांच्या हातातून परत काढून घेतली. "ही विकायची नाही." काका विकत घ्यायला तयार होते, गंमत म्हणजे. तिनं दिली नाही.

तिचं ड्रायव्हिंग भयंकर होतं. कोरियनमध्ये शिव्या द्यायची, सिग्नलला हॉर्न वाजवायची, पण गाडी दुसऱ्याच्या हातात कधी देत नसे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं मला बोलावलं आणि दारातच किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तू ड्राइव्ह कर. डॉक्टरकडे जायचंय." मला तिथल्या तिथे कळलं की काहीतरी भलतंच आहे. रस्त्यात तिनं सांगितलं. पोटात गाठ होती, पसरली होती.

"कधी कळलं?"

"ईस्टरच्या सुमारास."

"आणि मला आता सांगतेस, ऑन्नी? दर शनिवारी मी येत होते! शेजारी बसत होते!"

"सांगितलं असतं तर तू असा चेहरा केला असतास. हाच. आणि छिद्रं वाकडी पाडली असतीस." मग समोर बोट केलं. "सिग्नल हिरवा झालाय."

मी तिच्यावर इतकी चिडले होते की हॉस्पिटलपर्यंत एक शब्द बोलले नाही. अजूनही चिडलेली आहे. माझ्या वाट्याचे ते महिने तिनं परस्पर वजा केले. मला विचारायला हवं होतं. मी चेहरा सरळ ठेवला असता... ठेवता आला असता मला.

शेवटी ती घरीच होती. बिछाना खिडकीशी लावला होता. चर्चच्या बायका सूप घेऊन यायच्या, हात धरून म्हणायच्या, तू किती धीरानं लढतेयस. त्या गेल्या की मीसन म्हणायची, "मी लढत नाहीये. मी चिडलेय. दोन्हींत फरक असतो, त्यांना कळत नाही." लिपस्टिक मात्र रोज लावायची, हात थरथरायला लागले तेव्हा मिस्टर हान लावून द्यायचे, ओठांच्या बाहेर जायची. शेवटच्या भेटीत मी एकटीनं केलेली पहिली वही घेऊन गेले होते. तिनं डोळे मिटूनच ती उघडली, अंगठा चाचपला आणि म्हणाली, "पान वर गेलंय. तुझा अंगठा मोठा आहे, मंजिरी. सगळ्या जगाचा नसतो. जरा खाली घे." मी म्हटलं, घेते. "घेते नको म्हणूस. घे." तिच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं हे. पानाच्या जागेबद्दलचं. मला त्याहून चांगलं काही नको होतं.

अंत्यविधीला लॉरेन आली होती. पांढरी फुलं, काळा ड्रेस, सगळं यथायोग्य. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ती तिच्या कागदासारखी होती, नाही? इतकी नाजूक." मी विचारलं, "तो कागद कधी फाडून बघितलास?" तिला प्रश्न कळला नाही. आठवड्याभरात तिचा मिस्टर हानना निरोप आला की कंपनीला मीसनच्या स्मरणार्थ वह्यांची मालिका काढायची आहे, घरच्यांचा होकार असला तर बरं वाटेल. मिस्टर हाननी मला बोलावलं. मी म्हटलं, "नाही म्हणा." ते म्हणाले, "तिचं नाव राहील." मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचीच चीड आली, कारण त्या माणसाला बायकोचं नाव कुठेतरी छापलेलं बघायचं होतं, यात चुकीचं ते काय? जूनचाही फोन आला, "आँटी, डॅडला जे वाटेल ते." म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

त्याच मीटिंग रूममध्ये लॉरेननं सॅम्पल ठेवलं. कव्हरवर छापील पानं. मिस्टर हाननी चष्मा लावला. आयुष्यभर लोकांच्या कोटांच्या शिवणी बघितलेला माणूस तो. वहीच्या पाठीवरून बोट वरून खाली नेलं, पुन्हा खालून वर नेलं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"हो, ते मशीनमुळे," लॉरेन म्हणाली. "खूप छोटीशी गोष्ट आहे, मिस्टर हान."

"माझ्या बायकोचं नावही छोटंसंच होतं," ते म्हणाले. "तुम्ही तेही चुकीचं लिहिलंत." आणि टोपी घालून उठले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, एका दमात इतकं इंग्रजी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

असं वाटतं ना, की आता काहीतरी न्याय होईल? झाला नाही. मीसननं नोकरीत असताना केलेली डिझाइन्स कायद्यानं कंपनीची आहेत, त्यांना होकाराची गरजच नव्हती. बरं वाटावं म्हणून विचारलं होतं, तेवढंच. त्यांनी मालिका काढायची ठरवली, फक्त तिचं नाव गाळून, आणि प्रॉडक्शनचे कागद सहीसाठी माझ्याकडे पाठवले. मी सही केली नाही, राजीनामा दिला. निखिल म्हणाला, "यार मंजिरी, सध्याचं जॉब मार्केट बघितलंस का?" मग माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला उठला. वह्या आता बाजारात आहेत. परवाच एका मॉलमध्ये दिसल्या, मेणबत्त्यांच्या शेजारी रचलेल्या. पाठीमागे छापलंय, 'पूर्वेच्या शांततेतून स्फुरलेली'. शांतता! त्या बाईच्या आयुष्यात शांत असं काही असेल तर ते चिडण्यापूर्वीचे दोन सेकंद. एक मुलगी वही चाळत होती. तिला थांबवून सगळं सांगावं असं वाटलं. पण मॉलमध्ये कुणाला थांबवणार, आणि कुठून सुरुवात करणार... म्हणून इथे लिहिलं.

मी अजून शनिवारी दुकानात जाते, आता मधल्या वारीही जाते. मागच्या खोलीत तिचं शिवणाचं स्टूल आहे. लोखंडी, स्क्रूवर वरखाली होणारं. मीसन बुटकी, त्यामुळे ते अगदी खाली बसवलेलं. मी त्यावर बसले की गुडघे टेबलाच्या कडेला आपटतात, संध्याकाळपर्यंत पाठ भरून येते. गेल्या शनिवारी मी उठताना कण्हले ते मिस्टर हाननी ऐकलं. पुढच्या काउंटरवरून पाना आणि तेलाची बाटली घेऊन आले, स्टुलाशी वाकले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी वर घेतो."

"हात लावू नका!" मी ओरडलेच त्यांच्यावर. गिऱ्हाईक असतं तर पळालं असतं.

त्यांनी पाना खाली ठेवला. आत जाऊन एक जुनी उशी आणली, नीट दुमडली आणि माझ्या पाठीमागे भिंतीला लावून दिली. मी तशीच खाली बसले, गुडघे वर घेऊन, आणि पुढच्या वहीला टोचा लावला.